सातव्या पायरीपर्यंत

कोपरखैरण्याचं आमचं रो-हाऊस
म्हणजे उभी ठेवलेली आगपेटी:
रुंदी दहा फूट, बाकी नुसतं वर वर.
तळाला मी. मधे चिन्मय आणि केतकी.
माथ्यावर, टाकीला डोकं टेकून, निनाद.

राउटर खाली, मीटरच्या शेजारी.
काळा, दोन शिंगांचा,
एक शिंग लुळं, त्याला रबरबँड.
त्याची रेंज लोखंडी जिन्याच्या
सातव्या पायरीपर्यंत.
आठवीवर नुसतं गरगरणारं चाक.

म्हणून सातवी पायरी ही आमची चावडी.
केतकी तिथे मांडीवर लॅपटॉप घेऊन
पुण्याच्या साहेबाला 'हो सर' म्हणायची,
कॅमेऱ्यापुरता इस्त्रीचा कुर्ता, खाली गाऊन.
तिच्या पाठीला पाठ लावून निनाद
कॉलेजचे फॉर्म भरायचा.
आणि मी ओल्या कपड्यांची बादली घेऊन
दोघांना ओलांडताना
कोणाची बढती हुकली, कोणाचं कोणाशी बिनसलंय
सगळं ऐकून घ्यायचे.
वर पुन्हा ओरडायचे,
जिना काय बसायची जागा आहे?

मग तीन पांढऱ्या डब्या आल्या,
इडलीसारख्या गुबगुबीत,
आणि घणसोलीचा तन्मेश भोईर,
कानामागे स्क्रूड्रायव्हर.
म्हणाला, मावशी, जुना काढायचा नाय,
कंपनीची वायर त्यालाच ओळखते.
पण घरात पत्ते वाटणारा एकच पायजे.
दोघं वाटत बसले
तर मोबाईलला टीव्ही सापडायचा नाय.

हे मला न शिकवता कळलं.
ठाण्याच्या एक्स्चेंजला एकतीस वर्षं काढली मी,
त्यातली पहिली अकरा ट्रंक-बोर्डावर.
एका दोरीला दोघींनी हात घातला
की कोल्हापूर मागणाऱ्याला नाशिक लागायचं
आणि शिव्या तिसरीला.

तन्मेशनं नव्यांना 'ब्रिज' केलं.
म्हणजे त्यांनी फक्त पोचवायचं,
हिशेब जुन्याकडेच.
माणसांचंही असं करता आलं असतं तर,
असं मी म्हणाले नाही.
केतकी हसली, म्हणजे तिनं ऐकलं.

एक डबी चिन्मयनं गोदरेजच्या कपाटामागे
शोभेला ठेवली होती, ती तन्मेशनं हलवली.
लोखंड अडवतं, म्हणाला,
पाणी तर पिऊनच टाकतं.
इतकी वर्षं निनादच्या डोक्यावरची टाकी
काय काय पीत होती कोण जाणे.

संध्याकाळी घरभर पूर्ण रेघा.
केतकीच्या खोलीचं दार लागलं,
निनाद थेट जेवायलाच दिसला.
बादली मी एका दमात गच्चीवर नेली,
वाटेत कोणालाही न ओलांडता.

माझा फोन तेवढा ऐकेना.
नवी डबी हाताच्या अंतरावर, तिचा हिरवा दिवा लागलेला,
आणि हा तीन मजले खालच्या
एका केविलवाण्या रेघेला लोंबकळतोय.
तन्मेशला व्हॉट्सॲपवर लावला, तुटत तुटत.
अरे हां, म्हणाला,
जुन्याचं वायफाय बंद करायचं राहिलंच.
उद्या येतो. तोवर सेटिंगमधी जा मावशी,
जुन्या नावावर बोट दाबून धरा.

धरलं.
शुद्ध मराठीत वर आलं:
नेटवर्क विसरा.

चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.
तेच होतं.
दाबलं का? तन्मेशचा आवाज, फाटका.
दाबलं, म्हटलं.
'लाइन व्यस्त आहे' असं मी
जिल्हाभर किती जणांना सांगितलं असेल,
बोर्डावर चहा पीत.
त्यात आणखी एक.

मग मटारची पाटी घेऊन
सातवीवर जाऊन बसले.
तिथे अजून दोन रेघा येतात.